अभिप्रायाच्या पानावरचे वाक्य

भोरच्या एस.टी. स्थानकावर वडिलांनी माझी वळकटी टपावर चढवून दिली आणि म्हणाले, "गाडीला अवकाश आहे. गुरुजींच्या पाया पडून ये." मी कोपऱ्यापर्यंत गेलो, काही क्षण उभा राहिलो आणि तसाच परत आलो. "आशीर्वाद दिला ना?" त्यांनी विचारले. मी "हो" म्हणालो. ज्या घराने सत्य बोलायला शिकवले, त्या घरातून मी असा निघालो.

भोरमध्ये राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या भोर सोडून गेलेल्यांना माझ्या जाण्याचे एकच कारण ठाऊक आहे: त्याने हस्तलिखितात काही अभद्र लिहिले. ते मी लिहिले नव्हते. लिहिणारे आता नाहीत, म्हणून आज सांगतो.

साठच्या दशकाचा शेवट होता. आमच्या वाचनालयाचे एक मासिक हस्तलिखित निघे. प्रत एकच, ती महिनाभर घरोघर फिरे. शेवटची काही पाने कोरी ठेवलेली असत आणि त्यांवर वाचणाऱ्याने नाव न घालता अभिप्राय लिहावा, अशी पद्धत होती. मजकूर माझ्या हातचा, चित्रे बबनची. बबन राजगडाखालच्या पालीचा. भोरात एका पेंटरकडे तो दुकानांच्या पाट्या रंगवी. मी गुरुजींच्या पाठशाळेत बारा वर्षे काढलेला, त्याची शाळा सातवीतच सुटलेली. तरी आम्ही दोघांनी मिळून एक चित्रकथा चालवली होती. गडावरचे दोन पहारेकरी. एक कडा उतरताना मरतो, दुसरा त्याला परत आणायला यमलोकी जातो. तेथल्या प्रत्येक दारावर त्याला काही देऊन पुढे जावे लागते. पहिल्या अंकात त्याने आपली सावली दिली, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात डोळे. बबन काजळीची शाई करून ती दारे अशी काढी की वाचणारे पान उलटण्याआधी देवाचे नाव घेत.

"आता काय द्याया लावायचं ह्याला?" तो दर महिन्याला विचारी.

"तूच सांग."

"शास्त्री तू का म्या? डोकं तुजं, हात माजा."

अभिप्रायाच्या पानांवर मोठी वादावादी चाले. हे जीवशिवाचे रूपक आहे, असे कोणी लिहिले. सारोळ्याहून बाजाराला येणाऱ्या एका व्यापाऱ्याने वाचनालयात पैज लावली की दोघे सख्खे भाऊ निघणार. एका बाईंनी लिहिले, "एवढं तर माझा नवरासुद्धा करायचा नाही." त्याखाली दुसऱ्या अक्षरात होते, "दोघांतल्या एकाला बाई केलं असतंत, तर घरात उघड वाचता आलं असतं." बबन पोट धरून हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "बाई कशापायी? त्यो हाय तसाच ऱ्हाऊ दे."

चौथा अंक फिरून आला तेव्हा शेवटच्या पानावर ते वाक्य होते: "याला सख्य म्हणून वाचकांनी आपली सुटका करून घेऊ नये. हा विप्रलंभ शृंगार आहे, विरहातले प्रेम आहे. दोघे पुरुष आहेत म्हणून रस बदलत नाही."

अक्षर गुरुजींचे होते. त्यांचेच कित्ते गिरवून मी लिहायला शिकलो. माझे अक्षर कोणते आणि त्यांचे कोणते, हे परक्याला सांगता येत नसे. मी ते पान कपाळाला लावले. रस सहृदयाच्या अंतःकरणात असतो, असे त्यांनी आम्हाला शिकवले होते. आज त्यांनी ते आचरून दाखवले, असे मला वाटले.

पुढच्याच आठवड्यात वाचनालयाची सभा भरली. एक विश्वस्त उठून म्हणाले, "दोन बाप्यांचा शृंगार? लेकीबाळी वाचतात हे! लिहिलंय कोणी?" गुरुजी अध्यक्षस्थानी होते. अंक त्यांच्या हाती देण्यात आला. त्यांनी चष्मा लावला, स्वतःचेच वाक्य सावकाश वाचले आणि म्हणाले, "अक्षर माझ्या शिष्याचे आहे. संस्कारात मी कमी पडलो."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. गुरूंच्या शब्दाला उत्तर द्यायचे नाही, ही आमच्या पाठशाळेची रीत. ते चुकले तर शिष्याने मान खाली घालावी आणि ते स्वतः दुरुस्त करतील याची वाट पाहावी. मी मान खाली घातली. वाट पाहिली. सभा संपली.

बाहेर पायऱ्यांवर बबन उभा होता. तो घाबरला असेल असे मला वाटले. पण तो हसत होता.

"लई बरं लिवलंस," तो म्हणाला. "शृंगार का काय त्ये मला कळत न्हाई. पर चितारताना माज्या मनात त्येच व्हतं. तुज्या मनात हाय का न्हाई, येवढंच ठावं नव्हतं. आज कळलं."

मी म्हणालो, "ते मी लिहिलेले नाही, बबन."

"मंग कुनी?"

गुरूंचे नाव माझ्या तोंडून निघेना. "मी नाही," एवढेच पुन्हा म्हणालो.

"आसं व्हय." तो एक पायरी खाली उतरला. "चुकलंच माजं, शास्त्रीबुवा. तुमी काय मनावर घेऊ नका." त्याआधी त्याने मला कधी 'तुमी' म्हटले नव्हते.

त्याच आठवड्यात त्याने पेंटरचे काम सोडले. शाळेत संस्कृत शिकवण्याची माझी जागा गुरुजींच्या शब्दावर ठरली होती, ती गेली. पुण्यात एका छापखान्यात मी मुद्रितशोधक झालो. पहाटे नीरेत बुडी मारून पाठ म्हणणारा मी कॉर्पोरेशनच्या नळाशी रांगेत उभा राहून संध्या उरकू लागलो. गॅली, प्रूफ, फर्मा, ओव्हरटाइम हे माझे नवे शब्द झाले. पहिल्या सुट्टीत मी पालीला गेलो. बबनचा भाऊ म्हणाला, "ममईला ग्येला म्हनत्यात. पत्ता? त्यो आमालाच न्हाई धाडला, तर तुमाला कुठनं देऊ?"

गुरुजींचे पोस्टकार्ड दर दिवाळीला येई. त्यात आशीर्वाद असे, त्या वाक्याविषयी अक्षर नसे. मी दरवेळी साष्टांग नमस्कार लिहून पाठवी, आणि आजही संध्येत त्यांचे स्मरण करतो. त्यांनी मला पुढे केले याचे दुःख काळाने कमी झाले. स्वतःचे इतके खरे वाक्य त्यांनी असे टाकून दिले, याचे झाले नाही. आणि माझे काय? शंभर माणसांपुढे बोलायला हवे होते तेथे मी गप्प राहिलो, आणि एका माणसापुढे सत्यवचनी झालो. वाक्य कोणी लिहिले, हे बबनला जाणून घ्यायचे नव्हतेच. त्याला जे हवे होते, त्याचे उत्तर 'हो' होते.

मी संसार केला नाही. भाचीची मुलगी शिकायला माझ्याकडे राहते. ती जपानी चित्रकथा वाचते. मृत्यू, अंधार, रक्त, आणि त्यातून एकमेकांना शोधणारे दोन तरुण. ते मित्र की प्रेमी, यावर देशोदेशीचे वाचक मोबाईलवर भांडतात म्हणे. परवा तिने विचारले, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं?"

"प्रेमी," मी म्हणालो.

ती लगेच तसे लिहून मोकळी झाली. त्या पायऱ्यांवरही एवढेच होते ते.

आपल्याला ओळखणारे माणूस जेथे असते ते घर, असे म्हणतात. भोर काही दूर नाही. तासा-दोन तासांनी गाडी आहे, आणि भोरकर मला ओळखतात ते एका वाक्याचा लेखक म्हणून. मला खरे ओळखणारा एकच निघाला होता, आणि त्याला मी 'मी नाही' म्हणालो. माझे घर आता मुंबईत कुठेतरी आहे. तेथला पत्ता मला कोणी दिलेला नाही, आणि तो मागण्याचा अधिकार मी पायऱ्यांवरच गमावला.