चुळबुळ्यांची गोदी

ज्या माणसाला न्हाव्याच्या खुर्चीत दहा मिनिटं मान स्थिर ठेवता येत नाही, त्याने छोटी जहाजं बनवण्याचा छंद लावून घेऊ नये, असा कायदाच असायला हवा. तो नाही, म्हणून आमच्या चुळबुळ्यांचं फावलं.

चुळबुळे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर आहे आणि तिथेच सुखात आहे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ते सव्वीस वर्षं कवळ्या बनवताहेत आणि पहिल्याच आठवड्यात दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं हे बारसं केलं. कवळी बनवणं हे बसून करायचं काम. चुळबुळे ते फेऱ्या मारत करतात. एका हातात जबडा, दुसऱ्या हातात कानस. खिडकीपाशी दाढ घासायची, दाराशी येऊन तिच्यावर फुंकर मारायची, परत खिडकी. बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांना दाराच्या फटीतून आपले होऊ घातलेले दात असे शतपावली करताना दिसतात. पण कवळ्या मात्र अशा बनतात की लोक त्या घालून भांडायलासुद्धा जातात.

"तुम्ही बसून करायचा एखादा छंद लावून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जीव शांत होईल."

चुळबुळ्यांनी जहाजं निवडली. आधी लाकडाचा कणा, त्याला माशासारख्या बरगड्या, त्यांवर पाण्यात भिजवून वाकवलेल्या काडीएवढ्या पट्ट्या. एक पट्टी चिकटवायची आणि गोंद वाळायची वाट बघायची. नेमकं हेच त्यांना जमेना. गोंदाला वाळायला चार तास लागतात हा त्यांनी स्वतःचा अपमान समजला. पहिलं जहाज वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून दुसरं सुरू केलं. दुसरं वाळेपर्यंत तिसरं. पाच वर्षांत सात जहाजं झाली. म्हणजे झालं एकही नाही. एकाला डोलकाठी नव्हती, एकाला सुकाणू नव्हतं, एकाचा तळच नव्हता. ही सगळी पुढच्या खोलीत एका लांब फळीवर उभी असत आणि त्या फळीला त्यांच्या पत्नीने 'गोदी' असं नाव ठेवलं होतं.

पत्नी शिवणकाम करते. तिचं मशीन बरोबर गोदीखाली.

"अहो, काळा दोरा कुठे गेला?"

"डोलकाठीला."

"आणि माझी बारीक सुई?"

"ती नांगर आहे. जरा वाकवलीय."

"उद्या मी गिऱ्हाइकाच्या शर्टाला नांगर लावून देते. चालेल?"

जहाजं पुरी का होत नाहीत, याचं उत्तर चुळबुळ्यांनी एकदा खरंखरं दिलं होतं. कवळी पुरी झाली की ती तोंडात जाते आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन परत येते. इथे टोचतं, तिथे हलतं, बोलताना शिट्टी वाजते. "पुरी झालेली वस्तू म्हणजे तक्रारीची सुरुवात," ते म्हणाले. "अर्धवट वस्तूला कोण काय बोलणार?"

बोलणारा घरातच होता. चुळबुळ्यांचे सासरे दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आले. त्यांनी एका मालवाहू जहाजावर बावीस वर्षं स्वयंपाकी म्हणून काढलेली. आल्या दिवशी त्यांनी गोदीची पाहणी केली आणि विचारलं, "जावईबुवा, यातलं एखादं बंदर सोडणार आहे का?"

तेव्हापासून जावई सासऱ्यांच्या समोर गोंदाची बाटलीसुद्धा उघडत नसत.

मग सासऱ्यांच्या डोळ्यांचं निघालं. डावा डोळा आधीच गेला होता. उजव्या डोळ्याला आता नळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं, समोरचं तेवढं स्वच्छ, आजूबाजूचं सगळं गायब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. नजर किती दिवस राहील, असं चुळबुळ्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, "दिवस म्हणू नका, महिने म्हणा. पण फार महिने म्हणू नका."

घरी परतताना चुळबुळे सासऱ्यांचा हात धरून, स्वभावाविरुद्ध, हळू चालत होते. चौकात म्हातारा थांबला.

"माझं जहाज बनवाल?"

"कुठलं?"

"माझं, म्हणजे ज्याच्यावर मी होतो ते. दिसतंय तोवर एकदा बघेन म्हणतो."

बावीस वर्षं खलाशांच्या शिव्या खाल्लेल्या त्या माणसाने जावयाकडे कधी पेलाभर पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. चुळबुळ्यांनी हो म्हटलं. घरी आल्यावर त्यांनी गोदीतली अर्धवट जहाजं पुन्हा मोजली. आठवं जहाज पुरं करायचं होतं, आणि तेही एका डोळ्याच्या आत.

आधाराला एकच फोटो होता. धक्क्यावर ओळीने उभे चार जण, त्यांत सासरे दुसरे, आणि मागे पूर्ण लांबीचं जहाज. माणसांच्या उंचीवरून चुळबुळ्यांनी जहाजाची उंची काढली, तीवरून लांबी काढली, आणि शंभरास एक या प्रमाणात तीन फुटांचा कणा कापला. पुढचे दोन महिने घरात आणि दवाखान्यात जे चाललं, त्याला छंद म्हणणं कठीण आहे. ते जेवताना पट्ट्या भिजवत. फोटोतल्या शिडीच्या पायऱ्या आंघोळीला जाताना मोजत आणि पुसताना पुन्हा मोजत. रोज सकाळी चहा घेताना सासऱ्यांच्या तोंडासमोर बोटं धरत.

"किती?"

"तीन. आणि नखात रंग आहे."

दिसत होतं. चुळबुळे पळत दवाखान्यात.

तिथेही एका खिशात कवळी, एका खिशात जहाजाचं सामान. एकदा ते काहीतरी पांढरं घासत असताना डॉक्टरीणबाई आत आल्या.

"हा कुणाचा सुळा?"

"सुळा नाही, वाऱ्याचं नळकांडं आहे. इंजिनाच्या खोलीत हवा जायला."

"आणि बाहेरच्या बाईंचा सुळा?"

चुळबुळ्यांनी खिसे चाचपले. तो घरी, जहाजाच्या डेकवर बसवलेला होता. चिकटलाही उत्तम होता.

नवव्या आठवड्यात जहाज जवळजवळ उभं राहिलं. काळं पोट, पांढरी दुमजली खोली, डाव्या अंगाला स्वयंपाकघराचं दार, त्याच्यावर चुलीच्या धुराचा नळ, नळापलीकडे छोटी होडी. कठड्याची तार आणि शेवटचा रंग तेवढा राहिला होता. चुळबुळ्यांना आता खोलीत उभंही राहवेना.

त्या संध्याकाळी पत्नी एका शर्टाला खिसा लावत होती. धाग्याचं टोक दातांनी तोडताना तिची नजर दिव्याला टेकवलेल्या फोटोवर गेली आणि तिचा पाय मशीनवरून उतरला.

"अहो, बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?"

"असेल. जहाजावर शिवला असेल कुणीतरी."

"चौघांचेही खिसे उजवीकडे आहेत. बटणपट्ट्यासुद्धा बायकांच्या ब्लाउजसारख्या. चार खलाशी बायकी शर्ट घालून फोटो काढतील का?"

चुळबुळ्यांनी फोटो उचलला आणि आरशासमोर धरला. आरशात चौघांचे खिसे डावीकडे आले. त्यांच्या मागचं जहाजही फिरलं आणि उजवीकडे तोंड करून उभं राहिलं. फोटो छापणाऱ्याने फिल्म उलटी घातली होती. जहाजाचं नाव वाचता आलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं, पण नाव होतं नेमकं तिथे एका खलाशाने आपलं डोकं ठेवलं होतं.

म्हणजे दार, धुराचा नळ, होडी, सगळं भलत्या अंगाला बसलं होतं. आणि हे झालं कुणाच्या हातून? ज्याच्या टेबलावर आयुष्यभर साचा उलटा आणि दात सुलटा असतो, त्याच्या हातून. चुळबुळे मटकन खाली बसले. लग्नानंतर त्यांना असं आपणहून बसलेलं पत्नीने प्रथमच पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बाबांच्या त्या डोळ्याला काय कळतंय?"

"मला कळलंय ना."

"हे बघा. फोडलंत तर हेही गोदीत जाणार. तुम्हाला मी ओळखते. आणि तुमचा गोंद वाळेपर्यंत बाबांचा डोळा थांबणार नाही."

"उजवी दाढ डावीकडे बसवली तर माणूस चावेल का?"

"बाबा जहाज चावणार नाहीयेत!"

चुळबुळे चपला घालून बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, दवाखान्याच्या बंद दारापर्यंत, आणि कुलूप ओढून पाहून परत आले. वाण्याने तिसऱ्या फेरीला विचारलं, "काही हरवलंय का?" "बाजू," चुळबुळे म्हणाले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्नी कपडे पोचवून आली, तेव्हा जहाजाचं वरचं छप्पर टेबलावर पालथं पडलं होतं आणि चुळबुळे दात कापायच्या बारीक करवतीने स्वयंपाकघराची भिंत काढत होते.

"फोडलंत!"

ती तडक मशीनवर बसली आणि त्याचं चाक असं काही फिरवलं की गोदीतली सातही जहाजं थरथरू लागली.

मागच्या खोलीतून भिंत चाचपत सासरे आले. "मशीन का ओरडतंय एवढं?"

"विचारा तुमच्या जावयाला."

चुळबुळ्यांनी सांगितलं. फोटो, खिसा, दार, सगळं. सांगताना टेबलाभोवती दोन फेऱ्या झाल्या.

"दाखवा," सासरे म्हणाले.

"अजून झालेलं नाही, बाबा. आठ दिवस द्या. फक्त आठ."

"दाखवा हो."

ते खुर्चीवर बसले आणि जहाजाच्या टोकापाशी तोंड नेलं. मग एखादी लांब ओळ वाचावी तशी मान हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे नेली. परत आणली. पुन्हा नेली.

"पूर्ण नाही दिसत मला," ते म्हणाले. "नाक बघतो तेव्हा शेपूट नसते. शेपटीशी पोचलो की नाक गेलेलं असतं. महिना झाला याला."

मशीन थांबलं.

"मग सांगितलं का नाहीत?" पत्नीने विचारलं.

"हे एवढे धावत होते. म्हटलं, कशाला त्यांच्या पायात पाय घाला?"

तीन फुटांचं जहाज त्या डोळ्यात मावतच नव्हतं. रोज सकाळी बोटं मोजली होती, पण बोटं पुरती मावत होती. चुळबुळ्यांनी करवत खाली ठेवली.

सासऱ्यांची मान तेवढ्यात पुन्हा मधोमध आली होती, छप्पर काढलेल्या भोकापाशी. तिथे ती अडली.

"हे काय?"

"स्वयंपाकघर."

"रिकामं?"

"छप्पर लागल्यावर आतलं कुणाला दिसणार, म्हणून..."

"मला! अहो, मी आतच होतो की बावीस वर्षं. जहाज बाहेरून मी बघायचो बंदरात, बटाट्याची पोती चढवताना, पाच मिनिटं." त्यांनी बोट त्या भोकात घातलं. बोटाने निम्मी खोली भरली. "चूल इथे. तिच्याभोवती लोखंडी कठडा, नाहीतर जहाज कललं की पातेलं अंगावर. आणि दार उजव्या हाताला. ढवळता ढवळता मान वळवली की समुद्र. हे एवढं दिसतं मला. अख्खं दिसतं. याला छप्पर लावू नका."

मग मात्र चुळबुळ्यांनी जे काम केलं, ते पाहायला डॉक्टरीणबाई मुद्दाम घरी आल्या. खोली चार सेंटिमीटरची. तीत चूल, चुलीला तारेचा कठडा, भांड्यांच्या फळीला पुढून पट्टी, पेले अडकवायला आकडे, टेबलावर ओलं फडकं. ताटं घसरू नयेत म्हणून जहाजावर ते ओलं ठेवतात, हे सासऱ्यांनीच सांगितलं. फडकं पत्नीने शिवलं, कडा मुडपून. पातेली कवळीच्या हिरडीच्या मालातून घडवली.

"गुलाबी?" सासरे ओरडले. "आम्ही काय भातुकली खेळत होतो?"

पातेली काळी झाली. मग एक पातेलं मोठं आहे म्हणून तक्रार आली, फळी खाली आहे म्हणून आली, तीस माणसांच्या स्वयंपाकाला एक झारा कसा पुरेल म्हणून आली. चुळबुळे प्रत्येक तक्रार घेऊन पळत जात आणि दुरुस्त करून पळत येत. सकाळची बोटं आता ते एकमेकांना चिकटवून धरत. एके दिवशी पाचांतली कडेची दोन सासऱ्यांना दिसली नाहीत. त्या दिवशी चुळबुळे दवाखान्यात गेलेच नाहीत.

दार शेवटी बसलं, उजव्या हाताला, तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन बिजागऱ्यांवर. तरी चुळबुळे जहाज हातातून सोडीनात.

"एक खिळा राहिलाय."

"राहू दे."

"भिंतीला जरा—"

पत्नीने मशीन थांबवलं, उठली, नवऱ्याच्या हातांतून जहाज काढून घेतलं आणि वडिलांपुढे ठेवलं. मग दिवा जवळ ओढला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

म्हाताऱ्याने डोळा लावला. चुळबुळ्यांनी टेबलाला एक फेरी घातली, दुसरी घातली. तिसऱ्या फेरीला ते वाकले आणि सासऱ्यांच्या खांद्यावरून तेही आत बघू लागले.

"दार उघडं ठेवलंय," सासरे म्हणाले.

"बंद हवं होतं का? लगेच करतो. एक मिनिट—"

"नको. उघडंच असायचं." भिंग किंचित उजवीकडे सरकलं, दाराशी थांबलं. "आता जरा बाजूला व्हा, जावईबुवा. उजेड अडतोय."