डीकनचा तळहात

मिस्टीची मान बगलेत धरून डॉयलनं तिची बोटं एकदा दाबली आणि वाट बघितली. उत्तर नाही. परत दाबली. नाही. मग तेवढा मोठा माणूस तापल्या तव्याला हात लागल्यासारखा मागं सरला आणि मिस्टी तोंडावर गादीवर आपटली.

"अहो, झालं काय?" ती नाक चोळत उठली. "बरं चाललं होतं की."

"हात का नाही दाबलास?"

"विसरले."

"विसरलीस."

"मिस्टर डॉयल, मी श्वास घेत होते. वर तुम्हाला मनात शिव्या पण देत होते. मेले नव्हते."

"ते मला कसं कळणार?"

तो कोपऱ्यात गेला, कोंबड्यांच्या खाद्याची बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. उजवा हात डाव्या हातात धरला, जखमी पाखरू धरावं तसा. चेहरा पिठासारखा पांढरा. मिस्टीच्या जिभेवर एक टोमणा आला होता, तो तिनं गिळला.

दावणीला बांधून ठेवलं तरी थांबणार नाही अशी ही पोरगी. दहावीतच शाळा सोडलेली, दिवसभर कारखान्यात कोंबड्या कापायची आणि सुटली की डॉयल लेडबेटरच्या रिकाम्या खुराड्यात कुस्ती शिकायला यायची. खुराडं लांबलचक, पत्र्याचं. कोंबड्या गेल्या, वास राहिला. मधोमध फळ्या आणि जुन्या गाद्या टाकून केलेला आखाडा. हॅडली मिल्स गावात कुणाला सांगितलं की मी डॉयलकडे शिकते, तर लोक विचारायचे, "त्या डीकनकडे? ज्यानं सनीला मारलं?"

या ठरवून लढायच्या कुस्तीच्या धंद्याचा पहिला नियम टीव्हीवर दिसत नाही. पकडीत घेतलेल्या माणसाला बोलता येत नाही, बोलला तर पुढच्या रांगेला ऐकू जाईल. म्हणून पकडणारा त्याचा हात दाबतो. म्हणजे, बरा आहेस ना? पकडलेला परत दाबतो. बरा आहे, चालू दे. उत्तर आलं नाही तर सगळं सोडायचं. पट्टा, पब्लिक, टीव्ही गेलं खड्ड्यात. बाकी सगळं खोटं असेल, हे नाही. जे कुस्तीला हसतात त्यांनी एकदा कुणाच्या तरी हातात आपली मान देऊन बघावी.

डॉयल आणि सनी टॉलिव्हर गिरणीत एकाच साच्यावर कामाला होते. सनी देखणा, सोनेरी केसांचा, हसला की फोरमनसुद्धा पाळी विसरायचा. डॉयल अंगानं कपाटाएवढा, नाक दोनदा मोडलेलं, हात फावड्यासारखे. त्याच्या पंज्यात कुणाचाही हात पोराचाच वाटायचा. जत्रेतल्या कुस्तीच्या तंबूत दोघं एकदम गेले. तंबूवाल्यानं दोघांना उभं करून बघितलं आणि म्हणाला, "तू हिरो. तू नाही." झाली दोघांची वाटणी.

सनीचं पुढं काय झालं ते कॅरोलिनात सगळ्यांना पाठ आहे. शनिवारी दुपारी टीव्हीवर सनी. पिठाच्या पिशवीवर सनी. फ्लोरिडात अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला, जपानला जाऊन आला, न्यूयॉर्कवाल्यांनी बोलावलं तर म्हणाला, तिथं उकडलेल्या शेंगा मिळत नाहीत. दर मंगळवारी गावातल्या आर्मरीच्या, म्हणजे जुन्या शस्त्रागाराच्या हॉलमध्ये आपल्या माणसांसमोर लढला. गावात एका वर्गात चार-चार सनी निघायचे.

पण हिरोला हिरो करतो कोण? डॉयल. काळा कोट घालून, कॉलर आवळून तो चर्चच्या डीकनसारखा, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसासारखा यायचा आणि बाप्टिस्ट लोकांमधून दानाची थाळी फिरवायचा. लोक थाळीत शेंगांची टरफलं टाकायचे, थुंकायचे, म्हाताऱ्या बायका टाचण्या टोचायच्या. तो कुणाकडे न बघता वर बघून हसायचा. तीच त्याची खूण होती. डीकन खाली बघत नाही. गळा आवळतानासुद्धा नजर वरच्या बाकांवर, आवळतोय तो माणूस जणू पायपुसणं. खरा डॉयल मात्र असला भाविक की घरी जेवणाआधीची प्रार्थना संपेस्तोवर ग्रेव्ही गार व्हायची.

आणि नियमच असा की हिरो आणि व्हिलन एका गाडीत बसणार नाहीत, एका टेबलावर खाणार नाहीत. गावानं पाहिलं तर धंदा बुडाला. म्हणून ते दोघं गावाबाहेरच्या तळ्यावर वेगवेगळ्या रस्त्यांनी यायचे, गाड्या झाडीत लपवायचे आणि मासे धरत बसायचे. दोघांच्या मधला निरोप्या म्हणजे पंच आर्विल प्रुइट. गळ्याला बो-टाय लावलेला, चणीनं एवढासा माणूस. आखाड्यात शेवट बदलायचा असला तर तोच एकाचं दुसऱ्याच्या कानात घालायचा.

"लोक मला लेकरांना भीती दाखवायला वापरतात," डॉयल एकदा तळ्यावर म्हणाला.

"मग काय झालं?" सनी गळ टाकत म्हणाला. "मला पीठ विकायला वापरतात. तुझं काम जास्त टिकेल."

टिकलंच.

ती ऑगस्टमधली मंगळवारची कुस्ती होती. हॉलमध्ये पंखे गरम वारा ढकलत होते. सनीचं वय झालं होतं, केस रंगवलेले, गुडघ्यात सुया घेऊन उभा राहायचा. शेवट नेहमीचाच. डीकन मागून डाव्या हातानं सनीचा गळा आवळतो, उजव्या हातानं त्याचा उजवा हात पिरगाळून धरतो. सनी मान टाकतो. आर्विल येऊन तोच हात वर उचलतो आणि सोडतो. हात पडतो. डीकन चाचपून तो परत पकडतो. दुसऱ्यांदा उचलतो, पडतो. तिसऱ्यांदा हात वरच राहतो, बोटांची मूठ होते, आणि हॉलचं छप्पर उडतं. लोकांनी हे शंभरदा पाहिलेलं. तरी दर वेळी बायका डोळे मिटायच्या.

दुसऱ्यांदा हात पडला तेव्हा डॉयलला सनी जड लागला. नाटकातला जडपणा वेगळा असतो, धंद्यातल्या माणसाला कळतो. त्यानं वर बाकांकडे बघून दात दाखवले, उजवा हात खाली नेला, घामानं बुळबुळीत झालेली बोटं सापडली, ती दाबली. बरा आहेस ना?

बोटांनी परत दाबलं. घट्ट, एकदाच.

म्हणून डॉयलनं सोडलं नाही. उलट जरा जास्तच ताणलं, लोकांना आणखी तापवलं. मग आर्विलनं तिसऱ्यांदा हात उचलला, आणि तो पडला.

सनी तिथंच गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. शेरीफनंही तेच लिहिलं. पण गावानं काय पाहिलं? डीकननं सनीचा गळा आवळला आणि सनी उठला नाही. त्या रात्री डॉयलच्या गाडीच्या चारही काचा गेल्या आणि त्याच्या पाठीत कुणाचा तरी चाकू दोन बोटं शिरला. आर्विल महिन्याभरात फ्लोरिडाला निघून गेला.

मैतीला डॉयल गेला नाही, म्हणजे जाता आलं नाही. चर्चसमोर कपडे धुवायचं दुकान होतं. तिथं एक रिकामं मशीन चालू करून त्याच्यासमोर बसून राहिला. जवळच्या दोस्ताची शवपेटी काचेतून जाताना बघितली. मशीन थांबलं की परत चालू करायचा.

तेव्हापासून तो दाब सुरू झाला. कॉफीचा कप धरला की तळहातात कुणीतरी बोटं दाबायचं. घट्ट, एकदाच. कोंबडी उचलताना, दार लोटताना, चांगलं लख्ख ऊन असताना. रविवारी तो चर्चच्या आवारात गाडीत बसायचा, काच खाली करून भजनं ऐकायचा, कारण आत गेला तर आतले उठून जातील. तिथंही, स्टिअरिंगवर. दुकानातली बाई सुटे पैसे त्याच्या हातात देत नसे, काउंटरवर ठेवायची. त्याला ते बरंच वाटायचं. त्या हाताला कुणी शिवू नये.

त्या हाताला त्याला एकच गोष्ट विचारायची होती. तो दाब सनीचा होता, का मरत्या माणसाचा नुसता झटका? सनीचा असेल तर सनीनंच चालू दे म्हटलं होतं. झटका असेल तर डॉयलनं मेलेल्या दोस्ताचा गळा लोकांसाठी आवळत ठेवला होता.

हे सगळं त्यानं बादलीवर बसून मिस्टीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. मिस्टी एका जागी उभी राहू शकत नाही, पण त्या दिवशी राहिली.

"मग लोकांना सांगा की," ती शेवटी म्हणाली. "आता शेंबड्या पोरालाही माहितीय सगळं ठरवून असतं. सांगा, तुम्ही दोस्त होता म्हणून."

"सगळ्या जगाला माहितीय. त्या हॉलमध्ये बसल्या होत्या त्या म्हाताऱ्यांना नाही. त्यांनी सनीला माझ्यावर जिंकताना पाहिलंय. मी ठरवून हरायचो म्हटलं, तर तो काय जिंकला? एकदा माझ्या हातात मेला. दुसऱ्यांदा कशाला मारू?"

"आणि तुम्ही?"

"मी व्हिलन आहे, पोरी."

"आर्विलला विचारा तरी. तो तिथंच होता, सनीचा हात धरून."

"तो म्हणाला की सनी आधीच गेला होता, तर?"

मिस्टी गप्प बसणाऱ्यातली नाही. तिनं आर्विलच्या मुलीचा नंबर शोधला, लावला आणि फोन डॉयलच्या कानाला धरला.

"आर्विल? डॉयल."

"अरे लेका," तिकडून म्हातारा ओरडला. "जिवंत आहेस? मला वाटलं तुला कुणीतरी कधीच भोसकलं."

"प्रयत्न झाले."

"गुडघे?"

"गेले. तुझे?"

"नवीन बसवलेत. जुने बरे होते."

मग टोमॅटो. यंदा कीड फार. मग फ्लोरिडातला उकाडा. मग आर्विल थांबला. डॉयलही थांबला. मिस्टीनं हातानं खूण केली, विचारा, विचारा ना. डॉयलनं तोंड उघडलं. तिकडूनही नुसता श्वास ऐकू येत होता, जणू त्यालाही काही म्हणायचं होतं.

"बरं मग," आर्विल म्हणाला. "जप."

"तूही जप."

"काय हे!" मिस्टीनं फोन आदळला. "टोमॅटो? एवढ्यासाठी लावला मी?"

"धंद्याचं फोनवर बोलत नाहीत," डॉयल म्हणाला. "पूर्वी फोनच्या एका तारेवर सहा घरं असायची, कुणीही ऐकायचं. तेव्हापासूनचा नियम आहे."

"आता कोण ऐकतंय?"

डॉयल उजव्या हाताकडे बघत राहिला.

वसंतात तो गेला. ओसरीवर खुर्चीत, दुपारी, शेजारी बर्फाच्या चहाचा ग्लास. उजव्या हाताची मूठ अशी आवळलेली की पेटीवाल्याला ती सोडवता आली नाही. मिस्टीनं सोडवू दिलीही नाही. जिवंतपणी चर्चनं आत घेतलं नव्हतं, मेल्यावर घेतलं. तिथं दोन म्हाताऱ्या दारातून बघून गेल्या, खात्री करायला. त्यातली एक म्हणाली, "बरं झालं." मिस्टी तिच्या अंगावर धावून जाणार होती. मग तिला आठवलं की डॉयलला हेच हवं होतं, आणि ती दात आवळून बसली.

चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचं सॅलड मांडलं होतं. चाकाची काठी ढकलत एक एवढासा म्हातारा आला, गळ्यात बो. मिस्टीनं ओळखलं.

"तू त्याची चेली?" आर्विलनं विचारलं. "मग तुला सांगायला हरकत नाही. धंद्यातली आहेस." त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "त्याला एक सांगायचं राहिलं. फोनवर सांगता येईना. त्या रात्री दुसऱ्यांदा हात पडला, तेव्हा मला कसंतरीच वाटलं. पडलेल्या हातावर मी माझा हात ठेवून बसलो, नजर सनीच्या तोंडावर. तेवढ्यात सनीनं माझी बोटं दाबली. घट्ट. मला वाटलं, विचारतोय, बरं चाललंय ना? मी परत दाबली. एकदाच. म्हटलं, चालू दे." त्याचे डोळे भरले. "डॉयलला एवढंच सांगायचं होतं, की शेवटपर्यंत तो शुद्धीत होता. अजून जाणवतो मला त्याचा हात."

मिस्टीनं त्या हाताकडे बघितलं. लहानसा, पोराच्या हातासारखा. तिनं फक्त तो आपल्या हातात घेतला.

सनीनं त्या रात्री काही विचारलं नव्हतं आणि कसलं उत्तरही दिलं नव्हतं. त्याचा हात खाली तसाच पडून होता, आणि त्याच्यावर डॉयल आणि आर्विल एकमेकांची बोटं दाबत होते.