बावीस की तेवीस

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलीय, हे आधीच कबूल करतो. कोलशेतला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. करंट दिसत नाही, पण मीटरवर येतो. जे मीटरवर येत नाही ते माझ्यासाठी नाहीच!

ठाण्यातल्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात मी व्हायोलिन वाजवतो. शिकवलं बस्त्यावदादाने... माझा चुलतभाऊ, बाळकुमचा. एकाच स्टँडवर आम्ही दोघं. आमच्या व्हायोलिनने गप्प बसायची लांब गॅप आली की बार तो मोजायचा (म्युझिकचं माप हो, दारूचा बार नाही!), गुडघ्यावर बोटं आपटत. आणि सुरू करायच्या आधी नाकाने जोरात श्वास ओढायचा – सुंऽक! तोच माझा सिग्नल. इतकी वर्षं मी स्वतः कधी मोजलंच नाही. आळशी माणूस मी.

गेल्या वर्षी दादा गेला. जायच्या आधी माझ्या मुलीला, एलिटाला (ती ऑर्केस्ट्रासाठी म्युझिक लिहिते) म्हणालेला, "तुझं पहिलं म्युझिक मी वाजवणार हां."

यंदा तेच पहिलं म्युझिक बसवलं. मिठागरांवर लिहिलेलं. आधी तिचं, इंटरव्हलनंतर दोनशे वर्षं जुनी सिंफनी. तिच्या तुकड्यात मी बावीस बार गप्प, मग एकट्या माझ्या व्हायोलिनने सूर उचलायचा. रिहर्सलला तीनदा चुकलो, तीनदा सगळं कोसळलं. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रोग्रॅमला असं झालं तर पुढच्या वर्षीपासून नवीन काही नाही. जुनंच बरं." पोरीचा चेहरा एवढासा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पप्पा, नीट मोजशील ना?" एवढंच म्हणाली.

रविवार, संध्याकाळचे पाच, शाळेचा हॉल फुल. व्हायोलिनवाले कमी, त्यामुळे बाजूची दादाची खुर्ची तशीच रिकामी. गॅप सुरू झाली. एक... दोन... नऊपर्यंत ठीक. तेवढ्यात मागे कोणाचं तरी बाळ रडलं, आणि मी – अकरा की बारा? कंडक्टर ढोलवाल्याकडे वळलेला. पहिल्या रांगेत एलिटा, ओढणी मुठीत धरून. देवा, आज पोरीचं वाटोळं करतोय मी! शेवटी अंदाजाने व्हायोलिनचा बो, म्हणजे गज, उचलला...

पण हात पुढे जाईना. श्वास रोखून बसलो. आणि बाजूने आलं – सुंऽक!

मी वाजवलं. सगळं जागच्या जागी बसलं. टाळ्या पडल्या.

एलिटा धावत आली. "पप्पा, तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"अरे, सकाळी मी एक बार वाढवला ना! बावीसचे तेवीस. सगळ्यांच्या कागदांवर पेन्सिलने लिहिलं, पण तुझा कागद तू प्रॅक्टिसला घरी नेलेलास. सांगायलाच विसरले रे! बावीसला तू बो उचललास तेव्हा आठवलं, म्हटलं मेले आता. आणि तू बरोबर एक बार थांबलास!"

कागद काढून बघितला. बावीसच.

बायकोने मोबाईलवर रेकॉर्डिंग केलेलं, त्यात तो श्वास स्वच्छ ऐकू येतो. ती ऐकून नुसती रडली. सवय म्हणा, मनाचे खेळ म्हणा, मीही म्हणून बघितलं. पण सवयीला तेवीस कुठून कळले? मीटरवर काही येत नाही.

पुढच्या वर्षी एलिटाचं दुसरं म्युझिक ठरलंय. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर नवीन माणूस बसवू.

मी म्हटलं, "त्याच्यासाठी दुसरी खुर्ची आणा. ही रिकामी नाहीये."