दुसरं मत

हॉस्पिटलात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. डोळ्यातल्या गाठीचा इवलासा तुकडा काचेवर यायचा आणि ती गाठ साधी की कॅन्सरची, हे त्या सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायच्या. अख्खी नोकरी लोकांच्या डोळ्यांत डोकावण्यात गेली, पण एकाही पेशंटशी कधी नजरानजर झाली नाही.

नवराही याच कामातला. दोघं एकाच टेबलाशी बसत आणि दिवसभर वाद घालत. तुकड्यासोबत येणारी, सर्जनचा अंदाज लिहिलेली चिठ्ठी तो आधी वाचूच द्यायचा नाही, चहाच्या कपाखाली दाबून ठेवायचा. म्हणायचा, चिठ्ठी वाचलीस की तुला चिठ्ठीच दिसते, गाठ दिसत नाही. भिंगबाईंना याचा भारी राग यायचा. गेल्या वर्षी तो गेला. आपल्या चुका काढणारं माणूस उरलं नाही की किती एकटं वाटतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

मध्यंतरी कपडे शिवणाऱ्या एका बाईचा तुकडा आला. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला आणि उरलेल्या डोळ्यात ही गाठ. चिठ्ठीत सर्जननं लिहिलं होतं की मेलॅनोमा, म्हणजे डोळ्यातला जहाल कॅन्सर, दिसतोय. भिंगबाईंनी आधी चिठ्ठी वाचली, मग काचेवरच्या लांबट पेशी पाहिल्या आणि फोनवर होकार देऊन मोकळ्या झाल्या. डोळा काढायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी काच कपाटात ठेवता ठेवता त्यांनी ती उगाच पुन्हा भिंगाखाली धरली. पेशी फारच गुणी वाटल्या. मेलॅनोमाच्या पेशी इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत. डोळ्यातल्या स्नायूची एक दुर्मीळ गाठ असते. जिवाला धोका नाही, पण सोंग मात्र हुबेहूब मेलॅनोमाचं घेते. नोकरीत एकदाच पाहिलेली, तीही नवऱ्यानंच ओळखलेली.

त्यांनी लगेच सर्जनला फोन लावला. "उद्याचं ऑपरेशन थांबवा. मी घाईत बोलले."

"कशाच्या भरवशावर थांबवू?"

"माझ्या शंकेच्या. मला खास रंग लावून बघू द्या."

सर्जन कुरकुरला, पण थांबला. पेशींनी स्नायूचा रंग धरला, मेलॅनोमाचा धरला नाही. मग सर्जननं गाठ तेवढी काढली आणि डोळा राहिला.

ही बातमी भिंगबाईंना कोणाला तरी सांगावीशी वाटली. खोलीत कोणी नव्हतं, घरीही कोणी नव्हतं. शेवटी त्या उठल्या आणि कधी नव्हे ते वॉर्डात गेल्या.

पट्टी नुकतीच निघाली होती. ती शिवणवाली खाटेवर बसून चादरीची शिवण न्याहाळत होती आणि टाके बघून नाक मुरडत होती. पाऊल वाजलं तशी तिनं मान वर केली. भिंगबाईंना तिनं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बसा ना ताई. तुमचं कोण आहे इथे?"

"माझं कोणी नाही," भिंगबाई म्हणाल्या आणि तिच्या खाटेवर बसल्या.