रेमिहियाची जमीन

रेमिहियाने जन्मभर दुसऱ्यांच्या घरांतल्या जमिनी केल्या. आपुरे नदीकाठी मालकाच्या ओसरीपासून देवळापर्यंत सगळीकडे तिच्याच हातची माती आणि शेण. त्यावर लोक जन्मत, रांगत, मरत. ही बाई मात्र झोळीत लोंबकळत निजायची. चाळिशी उलटल्यावर तिचं आणि नवरा सिप्रियानोचं स्वतःचं ताडाच्या पानांनी शाकारलेलं घर उभं राहिलं, आणि तिने पहिल्यांदा स्वतःसाठी माती कालवली.

त्या माळावर जमीन चोपायची एकच रीत होती. गाव बोलवायचं, हार्प वाजवायचा आणि नाचायचं. पुरुषांनी टाचा आपटून माती बसवायची, बायकांनी मागून तळवे घासत ती गुळगुळीत करायची. नेमकी रेमिहियाच्या चोपणीच्या दिवशी राजाच्या नावाने दवंडी पिटली: हात धरून, पाय आपटून नाचेल त्याला फटके. इकडे ओली माती पसरून झालेली. आज चोपली नाही तर भेगा पडणार, आणि नदी फुगली की त्या भेगांतून पाणी घरात.

नाच नको, काम करू, असं सांगून तिने शेजारीपाजारी गोळा केले. सगळे मुकाट्याने पाय आपटू लागले. पण तालाशिवाय ज्याचा पाय त्याच्यापुरता. जमिनीला टेंगळं येऊ लागली. रेमिहियाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. सिप्रियानो हार्प घेऊन दाराबाहेर बसला आणि तारा जुळवू लागला. जुळवणं काही संपेना. आत पायांना पाय सापडले.

ठेका ऐकून हवालदार लुगो उंबऱ्यात उभा राहिला.

"हा नाच आहे."

"चोपणी आहे, हवालदार," रेमिहिया म्हणाली.

"आणि हार्प?"

"सूर लावतोय तो. सकाळपासून लागत नाहीये. तुम्ही ओळखताच की त्याला."

"मग हात कशाला धरलेत?"

"ओलं आहे. घसरतं."

खात्री करायला लुगो आत आला आणि दुसऱ्याच पावलाला त्याचा, टाचेला घोडा हाकायची आर लावलेला, बूट सटकला. रेमिहियाने हात धरला म्हणून वाचला. पण थांबायची सोय नव्हती. थांबला की बूट रुते, म्हणून टाचा आपटत राहणं भाग पडलं.

"अंगाने भारी आहात," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यात चला. तिथे अजून पोकळ लागतंय."

लुगो गेला. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन बाहेर आला, मक्याची चार घावनं खाल्ली आणि गावात आज घरकामाखेरीज काही घडलं नाही, असं वर कळवायचं त्याने ठरवून टाकलं.

महिन्याभराने नदी उंबऱ्यापर्यंत आली. आतली जमीन कोरडी, दगडासारखी. रेमिहिया पहिल्यांदाच खाली चटई टाकून निजली.

हात धरून टाचा आपटायचा हा नाच आमच्याकडेच जन्मला, असं पुढे गावोगावचे लोक भांडून सांगू लागले. ती त्या वादात कधी पडली नाही. सारवताना कोपऱ्यात लुगोच्या टाचेच्या आरेची खूण लागे, तेवढी हात वळवून ती सोडून देई.