ठेच्यात बुडालेलं स्वातंत्र्य

प्लास्टिकमधून जपून आणलेला कागद मी प्रदर्शनवाल्या गोऱ्या बाईंच्या हातात दिला, तर तो निघाला मटणाच्या सेलचा! मग आइनोआजींचा कागद कुठे? डबा उघडला, तर काय! दशम्या त्याच कागदात! ठेच्याचं तेल आरपार गेलेलं, चौथी ओळ म्हणजे नुसता निळा डाग, कडेवर माझी दोन वर्षांची स्वरा भोकाड पसरायच्या बेतात.

थांबा, नीट सांगते.

आइनोआजी इथे परदेशात आमच्याच शहरात, हिल्सबरो भागात राहतात, मूळच्या फिनलंडच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे आठ दिवस स्वयंपाक-साफसफाई करून दाखवायची, पसंत पडलं तर कायम ठेवणार. माझं आयुष्यातलं पहिलं काम. नवऱ्याने परवानगी दिली, म्हणजे महिनाभर रुसून दिली.

तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बनीच्या हॉलमधे स्वातंत्र्याचं प्रदर्शन. इंग्रजीतली चार वाक्यं ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहून द्यायची. आजींनी तीन चहा निवायच्या आत लिहिली. चौथ्याला तीन दिवस. ते होतं, 'देशाला स्वातंत्र्य देण्यात आलं.' आजींनी पेनच आपटलं.

"दिलं? कुणी दिलं? आम्ही मागायला गेलो होतो? आम्ही जाहीर केलं! मी तसंच लिहिणार."

मी दहावी नापास, मला काय कळतंय. पण भांडी घासता घासता थांबले. तो कागद हॉलमधे पोचवायचं काम आजींनी माझ्यावरच सोपवलं.

आता आमच्याकडे लांब निघायचं तर दशम्या-ठेचा बांधल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. सकाळी ओट्यावर दोन कागद, एक आजींचा, एक मटणाच्या सेलचा, स्वरा रडतेय, बस चुकेल, झालं! आमच्या माउंट रॉस्किलहून दोन बस. पुलावरून जाताना खाली एवढा निळा समुद्र, पांढऱ्या होड्या, मी आपली प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून. स्वराचं एक जांडल (रबरी चप्पल) बसमधेच राहिलं.

हॉलमधे निखिल म्हणून नाशिकचा मुलगा भेटला, इथेच शिकून नोकरीला लागलेला.

"ताई, रडू नका. फोनमधून काढतो ना फिनिश."

"अहो पण आजींनी 'दिलं' नव्हतं लिहिलं. 'जाहीर केलं' लिहिलंय."

"मग तसं टाकतो, हाय काय नि नाय काय."

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण नाही! गोऱ्या बाईंना सगळं समजावून सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. त्या गोड हसल्या. म्हणाल्या, "नो नो डिअर, सगळ्या भाषांत एकच अर्थ हवा. आपलं आपलं वाक्य नाही चालणार."

बघा म्हणजे! स्वातंत्र्याचं प्रदर्शन, आणि वाक्य वरून ठरवून आलेलं. कागद धड असता तर कुणाच्या बापाला फिनिश कळलं नसतं.

"आपल्या मराठीत काय लिहिलंय हो?" मी निखिलला विचारलं.

"देण्यात आलं. मीच लिहिलंय. जेवणाच्या सुट्टीत."

फोनने पण 'दिलं'च काढलं म्हणे. फलकावर झोकात लावलं. खाली आइनोआजींचं नाव, ठळक. बाई म्हणाल्या, "स्वीट अ‍ॅज!" (म्हणजे झकास). मी दशम्या तशाच परत आणल्या.

संध्याकाळी आजींकडे गेले तर त्या दारातच.

"लावलं?"

"लावलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

"चौथं पण?"

स्वराने माझी ओढणी तोंडात धरलेली. मी 'हो' म्हणून मान हलवली. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "उद्यापासून तू कायम. आणि रविवारी मला तिथे ने. मरायच्या आधी ते एक वाक्य भिंतीवर बघायचंय."

आज शुक्रवार आहे. खरं सांगितलं तर काम जाईल, नाही सांगितलं तर रविवारी त्यांना त्या फलकासमोर मलाच उभं करायचंय. बायांनो, तुम्ही माझ्या जागी असतात, तर काय केलं असतंत?