हिराजीकाकांनी कोरडं ठेवलेलं नाव

‘हुतात्मा हिराजीकाका यांचे आज सकाळी वृद्धापकाळाने निधन.’ गावच्या ग्रुपवर मेसेज आला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. हुतात्मा वृद्धापकाळाने कसा जातो, असं एकानंही विचारलं नाही. पनवेलजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्याचं कुणाला नवलच नाही. वेशीवरच्या स्मारकाच्या काळ्या लादीवर चार नावं आहेत आणि चौथं हिराजीकाकांचं आहे. त्या नावाचा माणूस जन्मभर त्याच लादीसमोरून दूध आणायला जायचा.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. जमिनी जाणार म्हणून गाव रस्त्यावर उतरलं, गोळीबार झाला. काकांच्या मांडीत गोळी, त्यांच्या शेजारी मिठागरात कामाला असलेला, आपटा गावचा सोमा, त्याच्या पोटात. काकांनी अंगातला शर्ट काढून सोमाच्या पोटाला बांधला. मग काकांना कुणीतरी ट्रकमध्ये घालून मुंबईला नेलं, सोमा बांधावरून खाडीत पडला. तिसऱ्या दिवशी प्रेत वर आलं ते ओळखण्यापलीकडचं. शर्ट हिराजीचा, म्हणून हिराजी! दहावं झालं, तेरावं झालं, लादीही बसली... आणि काही महिन्यांनी काका काठी टेकत इस्पितळातून परत आले. काकू त्यांना बघून आधी घाबरून घरात पळाली म्हणे. नाव काढायला लादी घासली तर फुटेल, असं पाथरवट म्हणाला. स्मारक समितीतला एक म्हातारा हसून बोलला, “राव दे रे हिरू, कवातरी मरशीलच ना!”

काका हसले नाहीत. दर स्मृतिदिनाआधी ते पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन लादीपुढे बसत आणि कोरलेली अक्षरं भरत. तीन नावं झाली की ब्रश पुसत. कॉलेजात असताना मी म्हटलं, “काका, तुमचं राहिलं की!”

“ती जागा माजी नाय गो. सोमाची हाय.”

दरवर्षी ते समितीपुढे हेच बोलत. उत्तर ठरलेलं: तो आपल्या गावचा नाय, त्याची गुंठाभर जमीन नव्हती. मला आजही संताप येतो. गोळीनं त्याचा सातबारा विचारला होता का? मिठागर गेलं तर त्याचीही रोजी जाणार होती, म्हणून तो आला. ज्यांनी पुढे त्याच जमिनींवर टॉवर उभे केले, तेच आज त्याला परका म्हणतात!

पण समितीवर कितीही आगपाखड केली, तरी माझाही हिशोब स्वच्छ नाही. जमिनींसाठी आजही चालू असलेल्या आमच्या आंदोलनाची पत्रकं मीच लिहिते. काका एकदा अंगणात येऊन म्हणाले, “तुज्या कागदात तरी त्याचा नाव लिव, पोरी.” मी हो म्हटलं. पण ‘भूमिपुत्रांचं रक्त’ ही ओळ जोरदार होती, सोमा तिच्यात बसत नव्हता. पुढच्या पत्रकात घालू, म्हटलं. मग त्याच्या पुढच्या... शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते.  त्यांनी टेबलावरचं माझं नवीन पत्रक उचललं, दोन्ही बाजू सावकाश वाचल्या आणि घडी घालून परत ठेवलं. त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्याला समितीचे अध्यक्ष काकूला धीर देत म्हणाले, “आता लादी बरोबर झाली, वहिनी.”  काकू उठून आत गेली, डबा आणि ब्रश घेऊन आली, सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर ठेवले. “तुलाच द्या बोलले.”

काल सकाळी मी लादीपुढे बसले. तीन नावं भरली. चौथं त्यांनी ठेवलं तसंच कोरडं ठेवलं. आणि खाली मोकळ्या काळ्या जागेत लिहिलं: सोमा, मिठागर कामगार, आपटा. अक्षर वाकडं आलंय, छिन्नीचं नाही, नुसत्या रंगाचं आहे. समिती पुसेल, पुसू दे. डब्यात रंग अजून बराच आहे.